अंधाऱ्या खोलीची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय एक्क्याऐंशी, शिक्षण तिसरी नापास, डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडून लिहिते की माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी. कोणाचाही दबाव नाही. थोरल्याने आणून पाहिला.

१. रस्त्याकडची दुकानाची खोली थोरल्या मुलाला. त्याचं झेरॉक्स तिथे चालतं.

२. यांचा कॅमेराही त्यालाच. बापाचा हात पोराच्या पाठीवरून कमी आणि त्या डब्यावरून जास्त फिरला, त्याची भरपाई समजावी.

३. बँकेतली ठेव मुलीला. तिने कधी मागितली नाही, हेच कारण.

४. मागची फोटो धुण्याची अंधारी खोली, आतल्या लाल दिव्यासकट, मुलीच्या मुलीला, कायमच्या मालकीने. थोरल्याला मधली भिंत पाडून दुकान वाढवायचं आहे. म्हणतो, "आई, त्या कोठडीत ठेवलंय काय?" म्हणून सविस्तर लिहिते.

नात परदेशी भाषा शिकते. म्हणाली, "आजी, इटलीत कॅमेरा म्हणजे खोली."

"मग मेले फोटो कशाने काढतात?"

"फोटोच्या यंत्राने."

ती सांगते, मूळ शब्द ग्रीकांचा, कमानदार छताचा. जर्मनांकडे त्याची लहानशी खोली झाली, रशियनांकडे तुरुंगाची कोठडी. पूर्वी अंधाऱ्या खोलीत भोकातून उजेड घेऊन भिंतीवर चित्र पाडत. तिला लॅटिनमध्ये 'अंधारी कॅमेरा' म्हणत. पुढे लोकांनी 'अंधारी' गाळलं आणि खोलीचं नाव डब्याला चिकटलं. आमच्या फोटो स्टुडिओच्या पाटीवर तेच झालं. फोटो यांनी काढले, छत्तीस वर्षं धुतले मी, नाव एकट्या यांचं.

एवढ्या अर्थांतून थोरल्याने नेमका रशियन उचलला. पण कोठडीला कडी बाहेरून असते, या दाराला आतून आहे. फिल्म धुताना दार उघडलं की काम नासतं, म्हणून सासूबाई, हे, पाहुणे, सगळे मुकाट बाहेर थांबत. या घरात माझा शब्द चालला तो एवढ्या आठ फुटांत. तेवढी जागा नातीला हवी.

५. थोरल्याने भिंतीला हात लावल्यास कलम १ रद्द. दुकानही नातीचं.

हे मी माझ्या हाताने लिहिलं. वेलांट्या नातीने सुधारल्या, शब्द नाही.

सही (स्वहस्ते)

साक्षीदार १: शेजारचा औषधवाला. वाचून हसला, मग सही केली.
साक्षीदार २: कुलूपवाला. थोरल्याने या दाराला बाहेरून घातलेलं कुलूप याने आजच कापलं.

दिनांक: ९ मार्च, सकाळ.
ठिकाण: अंधारी खोली. थोरला दार वाजवतो आहे.