आधार कार्ड घेऊन दिलेली साक्ष

प्रिय मल्हार,

पाकिटावर माझं नाव मुद्दामच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू न फोडताच चुलीत घातलं असतंस, आणि ते बरोबरच झालं असतं. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच, मग खुशाल घाल चुलीत. गोरख लिहितोय. होय, तोच. अठरा वर्षांपूर्वी तुला सगळ्या वाडीदेखत चोर ठरवणारा. चोर तू नव्हतास, मी होतो. हे आता मला न अडखळता म्हणता येतं, म्हणून सुरुवातीलाच म्हणून टाकलं.

नाथाअण्णांचे दोन बोकड मी विकले. कशासाठी, तर नवा मोबाईल हवा होता. पोटाला भूक असती तर सांगायला तोंड तरी राहिलं असतं! बिरोबाच्या देवळापुढं सगळे जमले, बोलणं माझ्याकडं वळायला लागलं, तसा मीच पुढं झालो आणि भंडारा उचलला. देवाची हळद हातात घेऊन आपल्या वाडीत तोवर कुणी खोटं बोललं नव्हतं, म्हणून माझं खोटं सगळ्यांना खरं वाटलं. त्याच पिवळ्या हातानं मी तुझ्याकडं बोट केलं. तू भांडला नाहीस, शिवी दिली नाहीस. एवढंच म्हणालास, "गोऱ्या, तू बघितलंस व्हय?" मी म्हणालो, व्हय. आठ दिवसांत तू आईला, बायकोला आणि दोन वर्षांच्या पोरीला घेऊन दौंडला निघून गेलास, आणि मी एसटी दिसेनाशी होईपर्यंत गोठ्यात लपून बसलो होतो.

माझं बरं चाललंय. लाज वाटते सांगताना, पण खरं आहे. मारुंजीत भाड्यानं राहतो, टेम्पो स्वतःचा आहे. हिंजवडीच्या टॉवरमधल्या लोकांचं घरसामान हलवतो. त्यांचे फ्रीज आणि कुंड्या वाहता वाहता कंबर गेली. बायको सखू, पौडकडची. तोंडानं फटकळ आणि मनानं लख्ख. ती गेल्या वर्षापासून प्रभू येशूच्या प्रार्थनेला जायला लागली. हार्डवेअरच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथं दर रविवारी जमतात. मी सुरुवातीला तिला नुसता सोडायला जायचो. मग खाली उन्हात बसून कंटाळा आला म्हणून वर गेलो, आणि एकदा गेलो तो गेलोच. पाळक शैलेशभाऊ म्हणाले, देव पश्चात्ताप करणाऱ्याचं जुनं सगळं पुसून टाकतो. वा! मला तर हेच पाहिजे होतं. पुसलं तर पुसलं, आता कुणाला सांगायची गरज काय? देवानं मिटवलं म्हणत मी सहा महिने ते झाकतच होतो, मल्हार.

मग वैशाखात वाडीवर गेलो, तर चहाच्या टपरीवर कळलं की तुझ्या किमयाचं पिरंगुटच्या सुधीरशी जमत आलेलं लग्न मोडलं. सुधीरच्या घरचे चौकशीला वाडीत आले होते. सोयरीक करायची तर मूळ गावी विचारायचंच, ही आपली रीत. त्यांना कुणीतरी सांगितलं, पोरीचा बाप बोकडचोर. तुला त्यांनी काय कारण सांगितलं कोण जाणे. खरं कारण मी. आणि ऐक, त्या दिवशीसुद्धा मी गप्प बसलो. चहा संपवला, टेम्पो चालू केला आणि घरी आलो. देवाजवळ रडलो, पण माणसांजवळ तोंड उघडलं नाही.

आता देवाची करणी बघ. पुढच्याच रविवारी शैलेशभाऊंनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "गोरखभाऊ, पुढच्या रविवारी तुमची साक्ष. सगळं खरं खरं सांगा." माझ्या पायाखालची जमीनच सरकली! प्रार्थनेत साक्ष म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते चारचौघांत सांगणं. पण मला काय माहीत? साक्षी होतात सुरुवातीला, आणि तेव्हा मी मारुंजीच्या गर्दीत टेम्पो लावायला जागा शोधत असायचो. मला साक्ष म्हणजे कोर्टातली एवढीच ठाऊक. मला वाटलं, ह्यांना सगळं कळलं. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. सखूला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "सांगून टाक. मी हाय ना!"

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात आधार कार्ड घेऊन गेलो. पहिलंच नाव माझं. उभा राहिलो, कार्ड वर धरलं, आणि पूर्ण नाव, वय, राहणार, धंदा, सगळं खणखणीत सांगितलं. लोक हसायला लागले. मग मी बोकडांचं, भंडाऱ्याचं आणि तुझं नाव घेतलं, तसं हसणं बंद झालं. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं "आमेन" म्हटलं, असं दणदणीत की खाली दुकानात ऐकू गेलं असेल. नंतर शैलेशभाऊ डोळे पुसत म्हणाले, अहो, मला वाटलं तुम्ही तंबाखू कशी सुटली ते सांगाल! मी हसलो आणि रडलो, दोन्ही एकदमच. मी अठरा वर्षं शहाणपणा करून जे दडवलं, ते देवानं माझ्या अडाणीपणातून बाहेर काढलं. त्याच्या शहाणपणापुढं आपलं काय चालणार! तो पाप पुसतो हे खरंच आहे रे, पण आधी ते त्याच्यासमोर उघडं करावं लागतं.

पण साक्ष झाली मारुंजीत आणि खोटं बोललो होतो वाडीत. सखू म्हणाली, "अर्धंच काम झालंय." मग मंगळवारी तिला घेऊन वाडीत गेलो आणि त्याच देवळापुढं, त्याच माणसांना बोलावून सगळं सांगितलं. नाथाअण्णांनी काठी उगारली. मी हललो नाही. त्यांनी काठी खाली घेतली आणि म्हणाले, "लई उशीर केलास, गोऱ्या." मग स्वतःच टेम्पोत चढून बसले आणि म्हणाले, चल पिरंगुटला. तिथं सुधीरच्या वडिलांना मी तिसऱ्यांदा साक्ष दिली. आता तर पाठच झाली आहे. येताना सखू गळा फाडून देवाची गाणी म्हणत होती, आणि नाथाअण्णा टाळ्या वाजवत होते. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी घाट उतरताना मान वर करून धरणाचं पाणी बघितलं. जिंकलो रे! हरण्यासारखं काही हातात उरलंच नाही, म्हणून जिंकलो.

माफी मागायला हे पत्र नाही. ती पत्रातून मागण्याइतकी स्वस्त नाही. तू बोलावशील तेव्हा येईन, उंबऱ्याबाहेर उभा राहून मागेन. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी, की येत्या रविवारी सुधीर, त्याचे आईवडील आणि नाथाअण्णा तुझ्या दारात येणार आहेत. तुझ्यापुढं हात जोडायला आणि किमयाला पुन्हा मागणी घालायला. त्यांना बघून तू गोंधळू नयेस, खाली मान घालून उभा राहू नयेस, म्हणून आधी कळवतोय. आता मान त्यांनी खाली घालायची. होकार द्यायचा की नकार, ते किमयाला ठरवू दे. लग्न मोडणाऱ्या घरात जायचं नाही असं तिला वाटलं, तर तेही खरंच आहे. पण ह्या वेळी नकार आला तर तो तुझ्या पोरीचा असेल, माझ्या पापाचा नसेल.

तू म्हणशील तर तुझाच,
गोऱ्या