बारावा ठोका

१२ जानेवारी, सोमवार
सगळं बदललं ते आज सकाळी सव्वासातला. सेराइनाने स्वतःचं फावडं माझ्या हातात दिलं. तिच्या वडिलांचा, पेडरकाकांचा, गुडघा कामातून गेलाय. गावासाठी बर्फाची रोजची तपासणी महिनाभर मी करणार. म्हणाली, नीट कर हं, तुझ्या आकड्यावर लोक वर जातात. शिवाय, रविवारी सावलीच्या उताराने माथ्यावर जाऊ.
जाऊ! न समजायला मी काय दुधखुळा आहे?
संकल्प: पहाटे उठणे. डोकं थंड ठेवणे. माथ्यावर तिला विचारून टाकणे.

१३ जानेवारी
दहाला उठलो. पहाटे तसंही काही दिसत नाही.
काम फालतू आहे. खड्डा खणायचा, बर्फाचा खांब सुटा करायचा, वर फावडं ठेवून ठोके मारायचे: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. खांब जितक्या लवकर सरकेल तितका उतार धोक्याचा. झुरिकच्या कॉलेजात दोन वर्षं उगाच सडलो.
पेडरकाका खिडकीतून ओरडले, कॉलेजवीर, गोठ्यामागे काय खणताय, बटाटे लावायचेत? सावलीत जा!
गोठ्यामागून तिची खोली दिसते. खांब हलला नाही. उत्तम.

१५ जानेवारी
दोन दिवस बर्फ आणि वारा. सावलीच्या उतारावर गेलो एकदाचा. बाराव्या ठोक्याला खांब सरकला. ड्रॉवर उघडावा तसा, अख्खा.
शांतपणे विचार केला. पंजा लढवण्यात मी शाळेत पहिला. माझं कोपर म्हणजे इतरांचा खांदा. त्यात डोक्यात सेराइना. ठोका जोरातच बसणार. योग्य ती दुरुस्ती करून वहीत बावीस लिहिलं.
तिने वही पाहिली. बावीस? नक्की? म्हटलं, नक्की. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. काय ते डोळे!

१७ जानेवारी, शनिवार
दगा!
हिमस्खलन समितीच्या बैठकीत, सगळ्या गावासमोर, सेराइना उठली. माझ्या खड्ड्याशेजारी तिने गुपचूप आपला खड्डा खणला होता. तिचा खांब अकराव्या ठोक्याला सरकला. म्हणाली, आर्मोन, उद्या मी शाळेची बारा मुलं तिथून नेणार होते.
मुलं? मला कोण बोललं मुलांचं?
मी म्हणालो, पाठीमागून वार केलास. ती म्हणाली, पाठीमागे नाही, शेजारी. काकांनी उतार बंद केला. मला म्हणाले, पोरा, उद्या फावडं आणून दे.
सगळे एकजात फितूर. बर्फसुद्धा.

१८ जानेवारी, रविवार
साडेनऊला उतार आपणहून सुटला. वर कोणी नव्हतं. मी स्वयंपाकघरातून पाहिलं. ड्रॉवरसारखाच. माझा खड्डाही गेला, तिचाही. शेजारीशेजारी होते. आमचं म्हणून तेवढंच होतं.
फावडं द्यायला गेलो. ठरवून गेलो होतो: तोंडावर दगाबाज म्हणायचं आणि दार असं आपटायचं की अख्ख्या गावाला ऐकू जाईल. काका म्हणाले, बस, अक्रोडाचा केक खा. सेराइनाने विचारलं, खरा आकडा किती होता?
म्हटलं, बारा.
मी उठलो, बाहेर आलो. वर पाहिलं. छपराच्या कडेला दीड मीटर बर्फ लोंबत होता.
दार दोन बोटांनी, अगदी हळू लावून घेतलं.