शाळेच्या विहिरीचा पहिला आकडा

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली नव्हे, माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. झोप का लागत नाही हे त्यांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही.

१. राहत्या दोन खोल्या माझ्या भाचीला द्याव्यात. ती पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे.

२. थोरल्या भावाला माझी छत्री द्यावी. मी हाच विषय घेतला तेव्हा वर्गात आम्ही नऊ जण होतो, आणि गटारे हुंगायला पदवी कशाला, असे तो चारचौघांत म्हणाला होता. पुढे आमच्यातला एक जंगलखात्यात गेला, दोघी शिकवू लागल्या, एक जण कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करतो, आणि मी खरोखरच गटारे हुंगली. त्यावर घर चालले, भावाचे लग्नही झाले. छत्रीची एक काडी मोडकी आहे. ती दुरुस्त करून देऊ नये.

३. पुस्तके कॉलेजला. समासात लिहिलेल्या शिव्या खोडू नयेत, त्या विषयाला धरून आहेत.

४. एकतीस वर्षांपूर्वी मी शाळेच्या विहिरीचे पाणी दोन बाटल्यांत घेतले. शेजारी जुन्या बॅटऱ्या फोडत, म्हणून पाण्यातले शिसे तपासायचे होते. अशा बाटलीत लगेच थोडे आम्ल घालावे लागते. नाहीतर शिसे बाटलीला आतून चिकटून बसते आणि पाणी निर्दोष ठरते. माझ्याजवळ आम्ल एकाच बाटलीपुरते उरले होते. तिचा आकडा मर्यादेच्या सहापट आला, दुसरीचा जवळजवळ शून्य. साहेब म्हणाले, दोन आकडे आहेत तर बरा तो लिहा, राईचा पर्वत करू नका. खरा कुठला ते मला माहीत होते, पहिल्याच वर्षी शिकवले होते. पण नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी बरा आकडा लिहून सही केली.

अहवाल द्यायला गेले तेव्हा शाळेत पाणी भरणाऱ्या बाईंनी विचारले, पाणी चांगले आहे ना. मी हो म्हणाले. नळ येईपर्यंत आणखी सहा वर्षे मुले तेच पाणी प्यायली. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर बसते. त्या वर्गांना मास्तर दगड म्हणत. बाईंच्या मुलाला सारी आळी अजून ठोंब्या म्हणते, आणि तो हाकेला ओ देतो.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी नळ सोडला की ती मुले माझ्या स्वयंपाकघरात रांगेने उभी राहतात, हातात पेले घेऊन. ती भांडत नाहीत, ढकलाढकली करत नाहीत. मी नळ बंद करते आणि तशीच तहानलेली बसते. मला त्यांची फार भीती वाटते.

५. दोन्ही आकडे असलेली माझी वही भाचीला द्यायचे आधी ठरवले होते. परंतु तिची मुलाखत त्याच प्रयोगशाळेत आहे आणि साहेब निवृत्तीनंतरही तिथल्या निवड समितीचे अध्यक्ष आहेत. माझे पाप तिच्या गळ्यात कशाला? वही शाळेत नेऊन कलम चार मी स्वतः वाचणार आहे, येत्या सोमवारी, मरणाची वाट न पाहता.

पुरवणी, हाताने लिहिलेली: साक्षीसाठी मी त्या बाईंनाच बोलावले. साक्षीदाराला मालमत्तेतले काही देता येत नाही, हे त्यांना आधी सांगितले. त्यांनी कलम चार माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं पोर मठ्ठ नव्हतं." मी म्हणाले, नव्हतं. "मग सोमवारी त्याला घेऊन येते. त्याच्यासमोर वाच."

लिहून देणार: सही
साक्षीदार १: शेजारचे शिंपी, सही
साक्षीदार २: शाळेत पाणी भरणाऱ्या बाई, सही
ठिकाण: माझे स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च, दुपार