शिमग्याला येणाऱ्या धनराज पालवींना वकील मिळण्याबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
परदेशस्थ नागरिक कुटुंब साहाय्य कक्ष,
गंगापूर रोड, नाशिक

अर्जदार : मैना धनराज पालवी, रा. आंबेपाडा, ता. सुरगाणा

विषय : परदेशात अटकेत असलेल्या पतीस वकील व दुभाषी मिळणेबाबत, निकाली काढलेले प्रकरण पुन्हा उघडणेबाबत.

संदर्भ : आपले दि. १५ ऑक्टोबरचे पत्र.

महोदय,

१. अर्जदाराचे पती धनराज केरू पालवी हे आखाती देशात खजुराच्या बागेत मजूर होते. त्यांना पाखरे राखण्याचे, म्हणजे फळांवरून पाखरे हाकण्याचे काम दिले होते. गावी भात आणि नागली राखतात तशीच त्यांनी तेथे दोर वळून गोफण केली. मालकानेही त्याच कामासाठी एक ससाणा सोडला होता, हे त्यांना कोणी सांगितले नाही. पाखरांच्या थव्यावर मारलेला दगड ससाण्याला लागला. पाळीव ससाणा मारणे व विनापरवाना शस्त्र बाळगणे या आरोपांवरून ते ऑगस्टपासून कोठडीत आहेत. ही हकीकत त्याच बागेत कामाला असलेल्या पेठच्या रोहित भोये यांनी फोनवरून कळवली.

२. पहिल्या तारखेस न्यायाधीशांनी काही विचारले. भाषा कळली नाही, पण विचारणाऱ्याने हाताने गोफण फिरवल्याची खूण केली, म्हणून पतीने होकारार्थी मान हलवली. पुढील तारीख २० नोव्हेंबर आहे. त्या दिवशी मान हलवण्याआधी कोणीतरी सांगणारे शेजारी असावे, एवढेच अर्जदाराचे मागणे आहे.

३. अर्जदाराने सप्टेंबरमध्ये अर्ज केला. त्यावर आपले चौकशी पथक पाड्यावर आले. पंचनाम्यात पाच पंचांचे जबाब आहेत. पोलीस पाटील पुंजा गावित म्हणाले, "सोन्यासारखा पोऱ्या, साहेब. शिमग्याला येल." शेजारीण ठमाबाई म्हणाल्या, "बेस आहे तो. शिमग्याला येल." इतर तिघांनीही तेच सांगितले. पथकाने अर्जदारास विचारले, तेव्हा अर्जदारही म्हणाली, "बेस आहे. शिमग्याला येतील." यावरून "सदर इसम अटकेत नसून शिमग्यास घरी परतणार आहे" असे नमूद करून प्रकरण निकाली काढण्यात आले.

४. याबाबत खुलासा असा, की आमच्या पाड्यावर बाहेरगावी कामाला गेलेल्या माणसाचे त्याच्या आईसमोर वाईट बोलत नाहीत. द्राक्षबागेत गेलेला असो की सुरतेला, तो बेस असतो आणि शिमग्याला येतो. दोन वर्षांपूर्वी एक जण बांधकामावरून पडून दवाखान्यात होता, तेव्हाही तो शिमग्यापर्यंत बेसच होता. पथक आले त्या वेळी अर्जदाराच्या सासू चंद्रभागाबाई ओट्यावर सुपाने धान्य पाखडत बसल्या होत्या. मुलाचा फोन बिघडला आहे, असे त्यांना सांगितलेले होते. पथकाने ओट्यावरच विचारले, म्हणून ओट्यावरचे उत्तर मिळाले.

५. संदर्भीय पत्रात आपण कळवले आहे, की अर्जदाराचा दावा कायम असल्यास संबंधित इसमाने मूळ पासपोर्टसह कार्यालयात समक्ष हजर राहून आपण अटकेत असल्याचा जबाब द्यावा. पासपोर्ट तेथील पोलिसांकडे आहे, आणि इसमही. खिडकीवरील कर्मचाऱ्यांना हे सांगितले असता ते म्हणाले, "मावशी, शिमग्यापर्यंत थांबा की. आला तर प्रश्नच मिटला. नाही आला तर नवा अर्ज करा." अर्जदाराने यावर विचार केला. शिमगा मार्चमध्ये आहे आणि तारीख नोव्हेंबरमध्ये.

६. आपल्या नमुन्यातील रकान्यांची माहिती पुढीलप्रमाणे. शस्त्राचा प्रकार : गोफण. परवाना क्रमांक : लागू नाही. हे शस्त्र सुरगाणा तालुक्यात जवळपास प्रत्येक घरी खुंटीला असते. ओळख पटावी म्हणून एक नग सोबत जोडला आहे. पाहून लवकर परत मिळावा, भात उभा आहे.

७. नवीन अर्ज खरा व्हावा म्हणून अर्जदाराने सासूबाईंना सर्व सांगितले. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "पाखरां राखायलाच ठेवला होता ना त्याला? मंग त्याचा काय चुकला?" याचे उत्तर तेथील न्यायालयात वकिलाने द्यावे. फेरचौकशीस पथक आल्यास सासूबाई स्वतः जबाब देतील, आणि पाडाही आता खरे बोलेल.

८. तरी प्रकरण पुन्हा उघडून २० नोव्हेंबरपूर्वी दूतावासामार्फत वकील व दुभाषी द्यावा.

९. हा अर्ज सासूबाईंना पूर्ण वाचून दाखवला आहे. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. वरील परिच्छेदात 'शक्य झाल्यास' असे शब्द होते, ते त्यांच्या सांगण्यावरून काढले आहेत.

सोबत : आपल्या पत्राची प्रत, रोहित भोये यांनी पाठवलेले न्यायालयीन कागदाचे छायाचित्र, गोफण, एक नग.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी, नम्र अर्जदार
(सही) मैना धनराज पालवी

अर्ज ऐकून मान्य : चंद्रभागा केरू पालवी, डाव्या हाताचा अंगठा

नाशिक, दि. २८ ऑक्टोबर २०२५