पाचवं मत

१४ तारीख, रविवार, सकाळचे दहा

प्रिय खारूताई,

अनेक आशीर्वाद. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बटण पडल्याचा आवाज तुला आठवतो का? आधी टण्, मग तळाशी गिरकी घेत विरत जाणारी किणकिण. परवापासून तो माझ्या कानात बसलाय. एखाद्या कवितेचं ध्रुपद मागे लागावं, तसा.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते काय, मी फळ्यासमोर उभा असायचो तेव्हाही कुरकुरतच होते. तुझा दादा दर बुधवारी येऊन जातो. तुला बढती मिळाल्याचं त्यानेच सांगितलं. तुझी लेक सोळाची झाली, हेही. तिचा फोटो त्याच्या मोबाइलवर पाहिला. कपाळ थेट तुझ्या आईचं.

आता परवाचं सांगतो. मतदानाचं वय अठरावरून सोळा करावं का, यावर नेमलेल्या सरकारी समितीने नगर वाचनालयात लोकांची मतं ऐकली. निवृत्त शिक्षकांच्या मंडळाने मला विरोधात बोलायला उभं केलं. प्रत्येकाला तीन मिनिटं. मी चार पानं लिहून नेली होती, त्यात कोवळी कळी, अवेळी उमलणं, दंव वगैरे सगळं होतं. कारकुनाने घंटी वाजवली तेव्हा मी जेमतेम दंवापर्यंत पोचलो होतो. लोक हसले. मीही हसलो.

मग श्रोत्यांनी प्रश्न विचारायचे होते. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. सकाळी पावाच्या दुकानात काम करून शाळेला जाणारी, बाहीला अजून पीठ लागलेलं. तिने अगदी अदबीने विचारलं, "सर, तुम्ही कधी आमच्या वयाच्या कुणाला 'तुला यातलं कळत नाही' असं म्हणालात, आणि नंतर त्याचंच बरोबर निघालं, असं झालंय का?"

मी म्हणालो, "नाही."

एवढंच. टाळ्या पडल्या. मंडळाच्या अध्यक्षांनी पाठ थोपटली आणि घरापर्यंत गाडीने सोडलं.

दारासमोरच्या झाडाला यंदा पालवी उशिरा आलीय. वर्गात साठ मुलं एका सुरात कविता म्हणायची, तेव्हा खिडकीची तावदानं थरथरायची, ते आठवलं. एका बाकावरचा एक पठ्ठ्या नुसते ओठ हलवायचा. मी त्याला कधी पकडलं नाही, कारण लहानपणी मीही तेच करायचो. पण हे मी काय लिहीत बसलोय. बाबांचं गाडं मुद्द्यावर येतच नाही, असं तू म्हणायचीस. येतो.

आपल्या घरचं मतदान. भिंतीला रंग कुठला, सुट्टीत जायचं कुठे, सगळं डब्यात. झाकणाला चीर मीच पाडली होती. बटणं तुझ्या आईच्या शिवणाच्या पेटीतली, पांढरं म्हणजे हो, काळं म्हणजे नाही. त्या पेटीतून मुठीत झाकून उचलायचं आणि कुणाला न दाखवता टाकायचं. अठरा पूर्ण झाल्याशिवाय मत नाही, जो देशाचा नियम तोच घराचा. समान मतं पडली तर घरातल्या थोरल्याचा शब्द अखेरचा, म्हणजे माझा. मांजर पाळायच्या वेळी तू बारा वर्षांची होतीस. फुरंगटून म्हणालीस, या घरात मांजराला मत नाही आणि मला नाही, म्हणून आम्ही दोघं अंगणात राहतो. तुझी आई हसून हसून बेजार झाली होती. मांजर आलं.

त्या रविवारी दुपारी मात्र प्रश्न तिच्या शस्त्रक्रियेचा होता. पोटातली गाठ काढायची की औषधांवर राहायचं. सर्जन म्हणाले होते, निम्मी निम्मी शक्यता आहे, पण करायचं तर याच महिन्यात. असल्या गोष्टीसाठी मी डबा काढला, याची आज लाज वाटते. पण तेव्हा वाटलं, एकट्याने ठरवण्यापेक्षा बरं. तू कागदपत्रं तीनदा वाचली होतीस, प्रयोगशाळेचे आकडे वहीत उतरवले होतेस. मत मागितलंस. तुला सतरा पूर्ण होऊन चार महिने झाले होते. मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही. तू वही माझ्यासमोर ठेवलीस. मी ती उघडलीही नाही.

चार मतं पडली, आम्हा दोघांची, तुझ्या धाकट्या आत्याचं आणि अठरा उलटलेल्या दादाचं. दोन पांढरी, दोन काळी. मी थोरला. मी म्हणालो, औषधं.

ती सात महिने पुरली.

इथवर तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते असं. संध्याकाळी तू मला गाठून विचारलंस, दुसरं काळं कुणाचं? आत्याने आपलं काळं लगेच सांगून टाकलं होतं, दादाने पांढरं. राहिलो आम्ही दोघं. मी म्हणालो, तुझ्या आईचं. तिलाच नकोय, तर आपण काय करणार?

तू तडक तिच्याकडे गेलीस. मी दाराबाहेर उभा होतो. तू विचारलंस, तुला आमच्यासाठी जगावंसंसुद्धा वाटत नाही का? ती काही बोलली नाही. तुझ्या केसांतून हात फिरवायला गेली आणि तू मान मागे घेतलीस. नंतरचे सात महिने तू तिच्याशी कामापुरतं बोललीस. मी ते रोज पाहिलं.

खारूताई, पांढरं तिचं होतं. तिला जगायचं होतं. काळं माझं. तिला आत नेतील आणि रिकामी खाट बाहेर आणतील, या एका चित्राने माझी बोटं काळ्या बटणावर गेली. आणि तिने मला वाचवलं. एकदा मी तिला म्हटलं, पोरीला खरं सांगतो. ती म्हणाली, "मी काही फार दिवस नाही. तिचा राग माझ्यावर असू दे, नंतर तुम्ही तरी राहाल तिला."

मीही राहिलो नाही. तू घर सोडलंस ते माझ्या हटवादीपणामुळे, आणि तो राग रास्तच आहे. पण दादा सांगतो, तुझ्या घरात आईचा एकही फोटो नाही. तेवीस वर्षं ती माझी शिक्षा भोगतेय. मला क्षमा करू नकोस. तिला

दारावरची बेल वाजली म्हणून उठलो होतो.

दारात एक मुलगी उभी होती, पाठीवर पिशवी. कपाळावरून ओळखलं. म्हणाली, "आजोबा ना? तुमचं वाचनालयातलं बोलणं आम्ही मोबाइलवर पाहिलं. तुम्ही 'नाही' म्हणालात तेव्हा आईने फोन उलटा ठेवला आणि उठून गेली. का, ते विचारलं तर म्हणते, मोठी झालीस की सांगेन. तुम्ही आत्ता सांगाल?"

तुला न सांगता आलीय. पहिल्या बसने. रागावू नकोस, सुखरूप आहे.

तिला पाणी दिलं आणि ही पानं दिली. दोनदा वाचली तिने, दुसऱ्यांदा फार सावकाश. मी विचारलं, तुझ्या आईला हे पाठवू की नको? तू सांगशील तसं. तिने पानांची नीट घडी घातली. मग म्हणाली, "टपालाने नको. मी नेते. ती वाचेल तेव्हा कुणीतरी जवळ असायला हवं."

मला हे सुचलं नसतं. सही करायची राहिलीय म्हणून पत्र मागून घेतलंय. ती दारात चपला घालून थांबलीय.

तुझ्या आईचा अपराधी,
बाबा