एक ते सातमध्ये मी बसत नाही

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (पोट सुटल्यापासून साष्टांग फक्त कागदावरच जमतो, तो गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजी गोळ्या घेतात की अजून कुंडीत टाकतात? इकडे सगळे मजेत आहेत. म्हणजे मी सोडून बाकीचे सगळे मला मजेत ठेवण्याच्या मागे लागले आहेत.

हल्ली कागदावर पत्र कोण लिहितं, असं तू म्हणशील. तर ज्याला सख्ख्या बहिणीने फोनवर ब्लॉक केलं आहे, तो लिहितो. पण हा विषय या पत्रात काढायचाच नाही असं मी ठरवलं आहे. तू दुसऱ्याच्या दुकानातून चष्मा केलास, तो घालून काढलेला फोटो जगाला दाखवलास, वर त्या दुकानदाराचे आभार मानलेस. मी, तुझा चष्मेवाला भाऊ, त्याखाली फक्त एवढंच लिहिलं की फ्रेम घसरते आहे, पण बिचाऱ्या फ्रेमचा दोष नाही, नाकच तसं आहे. यात एवढं नाकाला मिरच्या झोंबण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही, आणि मी विचारणारही नाही. विषय संपला.

पत्राचं कारण वेगळंच आहे. तुझ्या भावजयीची भाची, आपली प्रश्नावली (लहानपणी दोन घासांच्या मध्ये पाच प्रश्न विचारायची म्हणून पडलेलं नाव, आता त्यावरच तिचं पोट चालतं), मानसशास्त्रात संशोधन करते. माणसं फोनवर एकमेकांचे फोटो आणि मतं बघत बसतात, त्याने त्यांचं मन रमतं की बिघडतं, असा तिचा विषय आहे. तिला पन्नाशीपुढची माणसं मिळत नव्हती. तेव्हा तिच्या मावशीने, म्हणजे माझ्याच बायकोने, मला परस्पर देऊन टाकलं, जुनं कपाट देतात तसं. प्रश्नावलीने माझ्या फोनमध्ये एक घंटी बसवली. ती दिवसभरात केव्हाही वाजते आणि विचारते, आत्ता तुम्हाला कसं वाटतंय? एक म्हणजे अगदी वाईट, सात म्हणजे अतिशय आनंदात. लगेच उत्तर द्यायचं. त्याआधी मी फोनवर किती वेळ होतो हे ती आपलं आपण टिपून घेते. (कुणाचं पान बघत होतो ते मात्र टिपत नाही. तेवढी सभ्यता आहे.)

ताई, या घंटीने माझं जिणं मुश्किल केलं. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचे डोळे तपासत होतो. भिंग बदलून 'आता बरं दिसतं की मघाशी?' असं विचारलं आणि घंटी वाजली. मी बटण दाबता दाबता मोठ्याने 'पाच' म्हणालो. बाईंना वाटलं त्यांचा नंबर पाच झाला. त्या खुर्चीतून उठल्या त्या थेट समोरच्या दुकानात गेल्या. मग दुकानाच्या जागेच्या मालकांचे सासरे वारले म्हणून भेटायला गेलो, तर तिथल्या शांततेत हिला कंठ फुटला. खोटं कशाला सांगू, मला पंख्याखालची खुर्ची मिळाली होती, त्यामुळे बरं वाटत होतं. मी सहा दाबलं. ते शेजारी बसलेल्या मालकांनी वाचलं. आता दुकानाचं गळकं छत दुरुस्त होण्याची आशा मी सोडून दिली आहे.

शेवटी प्रश्नावली माझ्या मनाची रेघ काढलेला कागद घेऊन घरी आली. दुकानात, जेवताना, अगदी बायकोशी वाद घालतानासुद्धा रेघ वर होती. फोन उघडला रे उघडला की धाडकन खाली. 'काका, संबंध तर दिसतोय,' ती म्हणाली. पुढे तिने असंही सांगितलं की दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणजे एक दुसरीमुळेच घडली असं म्हणता येत नाही. पण तोवर तुझ्या भावजयीने डोळ्याला पदर लावला होता आणि चिरंजीव मला बटणांचा साधा फोन आणायला चपला शोधत होते.

मी ठणकावून सांगितलं, फोन देणार नाही. माझं दुःख माझ्या मालकीचं आहे, त्यावर घराची बैठक बसवायची नाही. मी जन्मभर लोकांचे डोळे तपासले. शेवटची ओळ वाचता येत नाही म्हणून मी कुणाच्या समोरचा तक्ता काढून नेलेला नाही! यावर चिरंजीव 'बाबा, तुमच्याच भल्यासाठी' म्हणाले. आपल्या भल्यासाठी आजवर आपल्याला काय काय सोसावं लागलं, ते तुला मी सांगायला नको.

अखेर तडजोड झाली. महिनाअखेरपर्यंत घंटी पुन्हा वाजणार. तरीही रेघ घसरली, तर फोन कपाटात आणि किल्ली तुझ्या भावजयीकडे. मग मीही इरेला पेटलो. आता घंटी वाजली की सात. ऊठसूट सात. परवा दाढ काढताना वाजली, तेव्हाही तोंडात कापूस धरून सात दाबलं. संध्याकाळी प्रश्नावलीचा फोन आला, 'काका, दाढ काढताना सात?' म्हणजे तोही मार्ग बंद झाला. पण मी हटणार नाही.

आणखी काय लिहू? जास्त लिहिलं की तू चिडतेस.

तुझा (तुझी हरकत नसेल तर अजूनही)
धाकटा

ता. क. घरात कुणाला बोलू नकोस, पण मी फोन उघडतो तो आधी तुझं पान बघायला. पूर्वी तिथे तू असायचीस. कुंडीतली मिरची, नातीचा पडलेला दात, भाऊजींचे डुलकी घेतानाचे फोटो. आता एक करडा गोल आहे, त्यात चेहराच नाही. तो बघून होतो न होतो तोच घंटी वाजायची आणि मी दोन दाबायचो. मी किती वेळ पाहिलं, कसं वाटलं, सगळं प्रश्नावलीने टिपलं. कोण दिसलं नाही, हे काही तिने विचारलं नाही. मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं गं.

ता. क. दुसरा. तेव्हा संशोधनाच्या हितासाठी (दुसरं काही कारण नाही) महिनाअखेरच्या आत तेवढं ब्लॉक काढ. माफी मी मागत नाही, फ्रेम घसरते आहे ती आहेच. सेटिंगमध्ये गेलीस की खाली तू ब्लॉक केलेल्यांची यादी आहे. तिथे माझ्या नावावर बोट ठेवायचं, बस. त्या यादीत मी एकटाच असेन अशी आशा आहे. आणखी कुणी असेल, तर इतकी वर्षं तुझ्याशी भांडून मी मिळवलं काय?