मेथी कुठल्या खणात?

आदरणीय अल्लालमामा,

सलाम, आणि दोन्ही हातांचं चुंबन. गुडघा कसा आहे? सफ्रूची थंडी सोसवते ना? मामींचा राग कितपत उतरला? (माझ्यावरचा. बाकीच्याची चौकशी मी करत नाही.) मी फेजमध्ये खुशाल आहे, आणि वाचून खुर्चीतून पडू नका, शिकतोय.

झालं असं, की आगादीरला मासे उतरवायचं काम सोडून (बर्फाने बोटं बधिर होतात, शिवाय मुकादम गायचा, आणि तेही एकच गाणं) मी इथे आलो. एका घरात रोजच्या वापरातल्या वस्तू कशा घडवाव्यात, कशा मांडाव्यात याचा वर्ग चालला होता. चहाचा वास आला म्हणून शिरलो. पंधरा दिवस चाचणी, मग चौघांना निवडून वर्षभर शिकवणार. मामा, मला त्या चौघांत यायचंय. कुठेतरी थांबावं असं मला पहिल्यांदाच वाटतंय.

आमच्या गटाला तुमच्यासारखंच मसाले-जडीबुटीचं दुकान आलं. शंभर चिठ्ठ्या, एकेकीवर एक जिन्नस. त्यांचे गट पाडून पुठ्ठ्याच्या कपाटात अशा लावायच्या, की गिऱ्हाइकाला कुणालाही न विचारता हवं ते सापडावं. गटातल्या वियामने खाण्याचं, अंगाला लावायचं आणि औषधाचं असे तीन ढीग केले. मी विचारलं, मग मेंदी कशात? नवरीलाही लावतात, डोकं दुखलं तरी लावतात. आणि मेथी? त्यावर दोन तास भांडण. शेवटी ती म्हणाली, "थामी, तुझं डोकं कशात घालू तेवढं सांग. रिकाम्या डब्यांचा खण केलेला नाही."

परीक्षेला आमच्या शिक्षिका बुश्राबाईंनी आपल्या शेजारीण लल्ला रहमांना आणलं. गटाने तोंड उघडायचं नाही, हात लावायचा नाही. लल्ला रहमांनी आमच्या रंगीत पाट्यांकडे बघितलंसुद्धा नाही. थेट मला म्हणाल्या, "बाळा, लेक बाळंत झालीये रे." आणि मामा, तुमच्या दुकानात चालायचा तसा माझा हात आपोआप चालला! मेथी, बाळंतिणीचा मसाला, केशर, वर बाळाला सुरमा. कागदाची पुडी बांधून हातात ठेवली. (आत नुसत्या चिठ्ठ्या. तरी लल्ला रहमांनी घासाघीस केली, आणि मी थोडं कमीही केलं.)

गटाला शून्य. वियाम माझ्याकडे बघेना. पण बुश्राबाई विचारात पडल्या. म्हणाल्या, "म्हणजे लोक जिन्नस मागतच नाहीत. घरात काय झालंय ते सांगतात." मग आम्ही सगळं मोडून खण नव्याने केले: लग्न, बाळंतपण, मयत, पाहुणे, हमामची अंघोळ. मेथीची दुसरी चिठ्ठी वियामने स्वतः लिहिली, कारण मेथी दोन खणांत लागते. (याला मी तिची माफी समजतो.) आता खऱ्या दुकानात शेवटची परीक्षा. जमलं तर मी त्या चौघांत.

मामींना सलाम.

तुमचा भाचा,
थामी

ता. क. खरं दुकान म्हणजे तुमचंच. गुरुवारी सकाळी बारा जण येतोय. तुम्ही आनंदाने होकार दिलात, असं मी सांगून ठेवलंय.

ता. क. २. तुम्ही गल्ल्यावर असलात तर पाट्या कोण वाचणार? गिऱ्हाईक तुम्हालाच विचारेल आणि मी बाद. तेव्हा तासभर समोरच्या न्हाव्याकडे बसा. तोंड उघडायचं नाही.

ता. क. ३. अगदीच राहवलं नाही तर तिथूनच मोठ्याने खोका. डावीकडच्या खणांसाठी एकदा, उजवीकडच्यांसाठी दोनदा.